पुलगावची बोगस आत्या

वर्धा
सोमवार, सकाळ

प्रिय रक्षाताईस,

धाकट्या पौर्णिमेचा सप्रेम जय भीम.

आज सकाळी गच्चीवर पलंगपोस पिळायला घेतला आणि तुझी इतकी आठवण आली की विचारू नकोस. कॉन्व्हेंटच्या मागचं ते धुणीघर आठवतं का गं? शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की आपण दप्तरं पेरूच्या फांदीला टांगून मायच्या मदतीला जायचो. बोर्डिंगच्या चादरींचा तो ढीग, कोपरापर्यंत साबणात बुडालेले मायचे हात, चादरीच्या एका टोकाला तू आणि दुसऱ्या टोकाला मी. पीळ बसत बसत चादरीचा अगदी दोर झाला की तू खुदकन हसून आपलं टोक सोडून द्यायचीस आणि मी बदकन पाण्यात बसायची. माय ओरडायची, आणि ओरडता ओरडता स्वतःच हसायला लागायची. आता दुसरं टोक धरायला कोणी नाही, म्हणून मी पलंगपोस गच्चीवरच्या नळाला बांधून पीळ दिला. (नळ हातात आला. प्लंबर येतो म्हणाला आहे. तोवर टाकीतलं पाणी जिन्यावरून उतरतं आहे आणि मी जिन्याखाली बसून हे लिहिते आहे, तेव्हा कागद कुठे ओला लागला तर ते अश्रू समजू नकोस.)

तुझे नवे गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू करतेस, की भाऊजींना करायला लावून खुर्चीत बसून मोजतेस? तुझ्या वॉकरवर ब्लाउज वाळत घातलेले असतात अशी बातमी त्यांच्याकडूनच कळली. त्यांना म्हणावं, साखर वाढली तर मेथी खावी, वर्तमानपत्रातले उपाय कापून फ्रिजवर चिकटवू नयेत. माझी तब्येत उत्तम. भूक लागते, झोप लागते, आणि कालपासून मधूनच एकटीला हसू फुटतं, ते कशामुळे हे पुढे येईलच.

फोन सोडून पत्र का, असं तू मनात म्हणत असशील. कारण फोनवर तू मधेच बोलतेस. ही हकिगत मधे कोणी बोललं तर सांगून पूर्ण होणार नाही. कालपासून तू तीनदा विचारलंस, "अंकिताचा शाल घेतलेला फोटो पाठव." मी तिन्ही वेळा म्हटलं की नेटवर्क नाही. ताई, नेटवर्क भरपूर आहे. फोटोही आहे. फोटोत मायची शाल आहे, शालीत नवरी आहे, शेजारी दात काढून मी उभी आहे. फक्त ती नवरी अंकिता नाही.

आता पाणी पी आणि पुढे वाच.

तुझ्याकडून शाल माझ्याकडे आली तेव्हा मी ती उलगडून अर्धा दिवस मांडीवर घेऊन बसले होते. सिस्टर बर्नाडेटनी मायला क्रोशाची सुई धरायला शिकवली आणि मायनं दुपारच्या सुट्टीत, इस्त्रीचे कोळसे धुमसत असताना, टाका टाका करून ती विणली. मधे अननस, कडेला शिंपले. तू लग्नात ती घेतलीस, मी घेतली, आपल्या रत्नदीपची बायको म्हणून वहिनी आली तेव्हा तिनं घेतली. रत्नदीप गेला तेव्हा अंकिता पाळण्यात होती. बापाकडून त्या पोरीला द्यायला घरात दुसरं काही नाही, एवढी शाल आहे, असं तूच म्हणाली होतीस आणि तुझ्या गुडघ्यांमुळे ती द्यायचं काम माझ्यावर आलं. मी डबा आणला, चंदेरी कागद आणला, रिबिनीचं फूल बांधलं. माझ्याकडून तयारीत काहीही कसूर झाली नाही, हे आधीच नोंदवून ठेवते.

काल सकाळच्या गाडीनं पुलगावला उतरले. स्टेशनबाहेर ऑटोवाल्यानं विचारलं की कोणतं लग्न, मावशी. मी म्हटलं, लॉनमधलं. तो म्हणाला, बसा. तिथं एका भिंतीला पाठ लावून दोन लॉन आहेत हे त्याला ठाऊक होतं, मला नव्हतं, आणि त्यानं तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरला असल्यामुळे ही माहिती त्याच्या तोंडातच राहिली. उतरले तर दारावर निळं कापड, पंचशील झेंडे, पांढऱ्या साड्यांची लगबग. आपल्या माणसांचंच लग्न, यात शंका घेण्यासारखं काय होतं? नवरा-नवरीची नावं थर्मोकोलवर इंग्रजीत इतक्या वळणावळणांची लिहिली होती की माझ्या कॉन्व्हेंटच्या इंग्रजीनं हात टेकले.

आणि आपल्याकडची रीत तुला माहीत आहे. लग्नाच्या दारात पाहुण्याला तुम्ही कोण म्हणून विचारायचं नाही, तो घोर अपमान. पाहुण्यानंही हे लग्न कोणाचं म्हणून विचारायचं नाही, तो शुद्ध वेडेपणा. अत्तर लावून घ्यायचं, हात जोडायचे आणि आत जायचं. मुलीकडच्यांना वाटतं मुलाकडची असेल, मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडची असेल. (मला तर आता वाटतं, आपल्या अर्ध्या लग्नांतली अर्धी माणसं अशीच जेवून जात असतील आणि कोणाचं काही बिघडत नसेल.) तरी मी एका मुलीला विचारलंच की वहिनी कुठे आहे. तिनं लगेच बोट दाखवलं. तिथं एक वहिनी होती. आपली नव्हती, पण कोणाची तरी होतीच.

तेवढ्यात धर्मेंद्र नावाचा माइकवाला समोर आला. गोल चेहऱ्याचा, निळ्या फेट्याचा, फार आर्जवी माणूस. माझ्या हातातला डबा बघून म्हणाला, "आत्याबाई का?" मी म्हटलं, हो, मुलीची आत्या. यात खोटं काय होतं सांग. त्यानं एकदम माझे पायच धरले आणि माइकवर ओरडला, "ज्याईची आपण सकाळपासून वाट पाहून राह्यलो, त्या भिलाईच्या आत्याबाई आल्या हो!"

इथे ताई, मी थांबायला हवं होतं हे मान्य. पण मला वाटलं, यांनी मला तुझ्या नावावर खपवलं. भिलाईची आत्या म्हणजे तू. तुला येता आलं नाही, एवढ्या मायेनं वाट बघत आहेत, भर मांडवात त्यांना नाही कशाला म्हणा? ताईच्या वाटचंही आपणच मिरवून घेऊ. म्हणून मी भिलाईसारखा चेहरा केला (म्हणजे तुझ्यासारखी मान जरा वर धरली) आणि चालू लागले. लोकांनी वाट करून दिली. कोणी पाया पडलं, कोणी पाणी दिलं, एक म्हातारे गृहस्थ तर डोळे पुसत म्हणाले, "बाई, लय दिवसानं आली. सोडला राग, बरं केलं." मी त्यांनाही म्हटलं, हो, सोडला. मला वाटलं, तुझा आणि पुलगावकरांचा काहीतरी जुना राग असेल, तू कुठे सगळं सांगतेस.

स्टेजवर बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या तसबिरी तेवढ्या खऱ्या. बाकी पायाखालचं गवत प्लास्टिकचं, झेंडू कापडी, धूर यंत्राचा, नवरीच्या गळ्यात एक ग्रॅमवालं सोनं, आणि नवऱ्याचा फेटा आयता शिवलेला, मागून टोपीसारखा चढवायचा. नवरीच्या चेहऱ्यावर ते हल्लीचं रंगकाम. अंकिता म्हणावी तर अंकिता, तिची मास्तरीण म्हणावी तर मास्तरीण. मला पाहिलं आणि ती पोरगी हुंदका देऊन गळ्यात पडली. "आत्या, तू खरंच आली!" माझ्या खांद्यावर सगळा रंग उमटला. मलाही भरून आलं. चंदेरी कागद फाडला, शाल काढली, तिच्या खांद्यांवर घातली आणि धर्मेंद्रनं माझ्या हातात माइक दिला.

कॉन्व्हेंटमध्ये वक्तृत्वाचं बक्षीस मिळालेल्या बाईच्या हातात कोणी माइक देऊ नये. मी मायपासून सुरुवात केली. धुणीघर सांगितलं, अननस सांगितले, शिंपले सांगितले. बायका पदर डोळ्यांना लावू लागल्या. मग मी आवाज खाली आणून म्हटलं, आज एकाच गोष्टीची उणीव आहे. आज हिचा बाप असायला हवा होता. माझा भाऊ फार लवकर गेला. (तो वरून बघतो आहे असंही म्हणणार होते, पण समोर बौद्धाचार्य बसले होते.)

बायकांचे पदर खाली आले आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, भाषण रंगलं. तेवढ्यात मागून, स्वयंपाकाच्या तंबूतून, एक माणूस धावत आलेला दिसला. हातात झारा, झाऱ्यातून पाक गळतोय. आपली बहीण आली असं माइकवर ऐकून तो जिलेब्या सोडून धावला होता आणि येऊन बघतो तर बहीण त्याचं मरण सांगते आहे. तो नवरीचा बाप. त्यानं झाऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खरंच स्वतःच्या छातीला हात लावून पाहिला.

पुढच्या रांगेतून त्याची आई उठली. विमलाबाई नाव. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डोळ्यांवर काळा चष्मा, त्यामुळे इतका वेळ तिला मी पांढरा ठिपका दिसत होते. आता ती काठी टेकत स्टेजपर्यंत आली, चष्मा वर केला आणि माझ्या तोंडाजवळ तोंड आणलं.

"काऊन वं? माह्या जित्या पोराले काऊन मारून राह्यली?"

मग माझ्या हातातल्या माइकमध्येच वाकून तिनं अख्ख्या पुलगावला सांगितलं, "हे माही पोरगी नाई! हे बाई बोगस हाय!"

ताई, आपल्या जिल्ह्यात बियाणं बोगस निघतं, डॉक्टर बोगस निघतो, रस्ता बोगस निघतो, पण बाई बोगस निघाल्याचं मी प्रथमच ऐकलं आणि ती बाई मी. घाबरले की मला सिस्टर बर्नाडेट आठवतात. कोणी खोटं बोललं की त्या मोठा शब्दकोश उघडायला लावून त्या खोट्याला शोभेल असा शब्द अर्थ-व्युत्पत्तीसह प्रार्थनेच्या वेळी वाचून घ्यायच्या. तुझ्या त्या खोट्या तापाच्या वेळी आपल्या वाट्याला हाच शब्द आला होता. (तू नुसती उभी राहिलीस, वाचलं मी.) तो पन्नास वर्षं पोटात बसलेला शब्द माइकवर बाहेर पडला. मी म्हटलं, "विमलाबाई, हे मूळचं माणसाचं विशेषण नाही. दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत खोटी नाणी पाडण्याच्या यंत्राला बोगस म्हणत असत. नाणं पडतं ते बिचारं नंतर बदनाम होतं. दोष यंत्राचा." आता या न्यायानं बोगस तो ऑटोवाला आणि ते दोन लॉन, मी त्यातून पडलेलं नाणं, हे मला सिद्ध करायचं होतं. मागच्या रांगांना वाटलं हा भाषणाचाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

(घरी आल्यावर मी मोबाइलवर आणखी शोधलं. यंत्राला ते नाव का पडलं हे कोणालाच ठाऊक नाही. कोणी म्हणतं, तिकडच्या खेड्यांत एका भुताला तसलंच काहीतरी म्हणायचे, त्यावरून. कोणी म्हणतं, खोटे चेक वाटत फिरणाऱ्या एका बोर्गीज आडनावाच्या भामट्यावरून, आणि जाणकार म्हणतात की हा भामटा पुढे कोणीतरी रचला. म्हणजे बोगसच्या उत्पत्तीची गोष्टही बोगसच. हे मला तिथेच ठाऊक असतं तर भाषण आणखी लांबलं असतं.)

टाळ्या थांबल्यावर मात्र मला त्या पोरीचा चेहरा दिसला. रंगाखाली खरा चेहरा असतोच ना गं. रीना तिचं नाव. तिची खरी आत्या भिलाईला असते. बारा वर्षांपूर्वी माहेराशी भांडली, कशावरून ते आता दोन्हीकडच्यांना धड आठवत नाही, पण येणं-जाणं बंद. लहानपणी रीनाला तिनंच वाढवलेलं. पोरगी महिनाभर रोज फोन करत होती आणि ती नुसतं "पाहू" म्हणत होती. शेवटचं पाहिलं तेव्हा रीना शाळेत होती, त्यात सकाळपासूनच्या रडण्यानं डोळे सुजलेले, मग पांढऱ्या साडीतली मी डबा घेऊन येताना दिसल्यावर तिनं काय तपासायचं?

विमलाबाई म्हणाली, "काढ वं ते शाल." रीनानं हळू आवाजात मला विचारलं, तुम्ही कोणाच्या आत्या? मी म्हटलं, अंकिताच्या. ती म्हणाली, ते बाजूच्या लॉनमधी हाय. आणि शाल काढायला लागली. एक शिंपला तिच्या बांगडीत अडकला, तो तुटू नये म्हणून ती अलगद सोडवत होती. सगळा मांडव बघतो आहे, तिची आत्या आलेली नाही, आणि जी आली तीही आता चालली, आपली वस्तू परत घेऊन.

ताई, माझे हात माझ्या आधी पुढे गेले. मी शाल तिच्या खांद्यांवर परत नीट बसवली आणि म्हटलं, राहू दे बेटा, लग्न लागू दे. त्या क्षणी मला अंकिता आठवली नाही, तू आठवली नाहीस, मायसुद्धा आठवली नाही. आठवल्या असत्या तर कदाचित माझा हात थांबला असता. त्रिशरण झालं, पंचशील झालं, दोघांनी हार घातले, आणि मी आत्याच्या जागी उभी राहून फुलं टाकली.

निघताना विमलाबाईनं मनगट धरलं. "जेवल्याशिवाय जाजो नोको. बोगस असली तरी आत्या म्हणून आली, उपाशी धाडू नाई." स्वतः जवळ बसून तिनं मला आलू-वांगं, बुंदी आणि मरणातून नुकत्याच उठलेल्या मुलाच्या हातच्या जिलेब्या वाढल्या, वर जिलेब्यांचा एक पुडाही बांधून दिला. (पनीर नको म्हणाली. "ते बोगस हाय.") मग आत्याच्या मानाची म्हणून घेऊन ठेवलेली जांभळी साडी माझ्या मांडीवर टाकली. मी नको नको म्हटलं तर म्हणाली, "साडी आत्याची हाय, आत्यालेच जाईन. माह्या घरी ठेवून पाहू काय रोज?"

साडी आणि पुडा पिशवीत कोंबून, भिंतीला वळसा घालून पलीकडे पोचले तेव्हा अंकिताचं लग्न लागून गेलं होतं. वहिनीनं नुसतं बघितलं. अंकिता धावत आली आणि माझ्या रिकाम्या हातांकडे न बघण्याचा प्रयत्न करत म्हणाली, "आत्या, कुठं होतीस?" नंतर एकटी सापडल्यावर तिनं विचारलंच, आजीची शाल? ताई, मी तिला सांगितलं की एक शिंपला उसवला होता म्हणून रक्षाताईनं ती ठेवून घेतली आहे, दुरुस्त करून पाठवते म्हणाली. ती म्हणाली, बरं. इतकं शहाण्यासारखं बरं म्हणाली की मला तिथंच गवतात तोंड खुपसावंसं वाटलं. पण गवत प्लास्टिकचं होतं.

तर लग्न एकूण छान झालं. दोन्ही.

भाऊजींना जय भीम, नातवंडांना गोड पापा.

तुझीच,
पौर्णिमा

ता. क. १. सोबतच्या खोक्यात पांढऱ्या सुताची रिळं आहेत आणि क्रोशाची सुई आहे, ती शिवणकामासाठी पाठवली असं भाऊजींना सांग. तुला मायचा नमुना येतो. मला येत नाही, मी टाके मोजताना गाणं म्हणते. तू सध्या बसूनच आहेस. अननस तसेच, शिंपले तसेच, आणि एका कोपऱ्यात माय चुकली होती तिथं तूही चूक. झाल्यावर चहाच्या पाण्यात जरा बुडव म्हणजे नवीन वाटणार नाही. अंकिता महिनाअखेर सासरहून येईल, त्याआधी हवी. हो, मी तुला बोगस शाल विणायला सांगते आहे. सिस्टर बर्नाडेट आता नाहीत.

ता. क. २. (मंगळवार.) वरचं सगळं रद्द. प्लंबर काल आलाच नाही, म्हणून पत्र टाकायला गेले नाही ते बरं झालं. आज सकाळी दार वाजलं, मला वाटलं प्लंबर, तर अंकिता आणि तिचा नवरा. दोन्ही लॉनचा फोटोग्राफर एकच, विक्की म्हणून आहे. त्यानं काल मोबाइलवर फोटो पाठवताना अदलाबदल केली. अंकितानं आपले फोटो उघडले तर परक्या मांडवात आपली आत्या माइक धरून उभी. व्हिडिओही आहे, ताई, आवाजासकट. तिनं रीनाला शोधून काढलं आणि दोघी कालपासून एकमेकींना मेसेज करत सुटल्या आहेत. रीना शाल परत द्यायला निघाली होती. अंकितानंच तिला नको म्हटलं. मी विचारलं, अगं, तुझ्या आजीची होती, तुझ्या बापाची म्हणून तुला द्यायची होती. तर म्हणाली, "आजीला मी पाहिलं नाही, बाबांना पाहिलं नाही. रक्षाआत्याला पाहिलंय. तिच्या हातची दे, आणि चहाच्या पाण्यात बुडवू नका." (पत्र टेबलावर उघडंच होतं. ही पोरगी बापावर गेली आहे, परवानगी न घेता वाचते.)

तेव्हा आता नीट ऐक. सूत आणि सुई तुला. शाल अंकिताला, तुझ्या मनाच्या नमुन्याची, चुका तुझ्या स्वतःच्या. जुनी शाल रीनाकडे राहील. जिलेबीचा पुडा भाऊजींना दाखवून लगेच शेजारच्यांना. जांभळी साडी खोक्याच्या तळाशी आहे, ती रीनाच्या आत्याला. पत्ता रीनानं पाठवला आहे, तुमच्या सेक्टरपासून भाजीबाजाराच्या पलीकडे. भाऊजींना रिक्षा आणायला सांग आणि वॉकरसकट जा. ती दार लावून घेईल, पण नव्या गुडघ्याच्या बाईला उभं ठेवण्याइतकी ती वाईट नसावी. काही समजावू नकोस, फक्त सांग की तुमची आई अजून रागावलेली आहे आणि तुमच्या जागी वर्ध्याची एक बाई उभी राहिली, तिचं भाषण फार लांबलं. आपल्या वर्ध्याच्या गोरसपाक बिस्किटांचे दोन डबे आहेत. एक तिला. दुसरा तुझा, पण तो घरी नेऊ नकोस, तिथेच फोड आणि चहा होईपर्यंत उठू नकोस.